अनुभव धागा: युद्धावरच्या डॉक्युमेंटरीवरून तुमचं मित्राशी वाजलंय का कधी?

धागाकर्ता, जळगाव

मागच्या महिन्यात आसोद्याच्या शेतात आमची भरीत पार्टी होती, दरवर्षीची, कॉलेजचे सहा जण. पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजून झाली होती, कळण्याच्या पुऱ्यांना वेळ होता, म्हणून एकाने लॅपटॉपवर 'द फॉग ऑफ वॉर' लावली. २००३ ची आहे, ऑस्कर मिळालेली. रॉबर्ट मॅकनमारा, १९६१ ते ६८ अमेरिकेचा संरक्षणमंत्री, केनेडीचा पण आणि जॉन्सनचा पण. ८५ व्या वर्षी सरळ आपल्या डोळ्यात बघून बोलतो. टोकियोत १९४५ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या बॉम्बहल्ल्यात एका रात्रीत १ लाख माणसं जळून मेली, त्या हल्ल्यांच्या आकडेमोडीत मी होतो म्हणतो. युद्ध हरलो असतो तर आपल्याला युद्धगुन्हेगार ठरवलं असतं असं त्याचा वरिष्ठ लेमे म्हणायचा, तेही खरं होतं म्हणतो. शेवटी त्याच्याच काळात वाढलेल्या व्हिएतनाम युद्धाबद्दल अपराधी वाटतं का विचारलं तर तिथं मात्र बोलायला नाही म्हणतो.

माझा जुना जिगरी मित्र, रावेरकडे केळी आहे त्याची, तो म्हणाला भो इतकं कोण कबूल करतं, हा माणूस मोठा आहे. मला ते सहनच झालं नाही. मी म्हटलं १९६७ मध्ये यानेच जॉन्सनला लिहून दिलं होतं की हे युद्ध असं वाढवत नेऊन उपयोग नाही, मग पुढच्या वर्षी पद सोडून वर्ल्ड बँकेत गेला आणि लोकांसमोर तोंड उघडलं ते थेट १९९५ च्या पुस्तकात, आणि अमेरिकेची जी ५८ हजार पोरं मेली त्यातली निम्म्याहून जास्त १९६८ पासून पुढे मेलीत, मग त्या पोरांना याच्या कबुलीचा काय उपयोग. माझा आवाज चढला, तो उठला आणि भरीत न खाता गाडीला किक मारून निघून गेला. २५ वर्षांत असं पहिल्यांदा झालं. महिना झाला, ना त्याचा फोन ना माझा.

तुमच्याकडे असं झालंय का? सविस्तर लिहा.

वरणगावकर

दादा मी दारूगोळ्याच्या कारखान्यात २२ वर्षं नोकरी केली. आमच्या गावाला हा कारखाना १९६२ च्या चीनच्या युद्धानंतर आला, आमच्या कितीतरी घरांच्या चुली त्याच्यावर पेटल्या, त्यामुळे युद्ध हा विषय आमच्याकडे टीव्हीवरचा नाहीच. ही डॉक्युमेंटरी मी आणि माझ्याच शिफ्टचा जोडीदार, दोघांनी त्याच्या घरी पाहिली. आम्ही अडकलो ते आकड्यांवर. मॅकनमारा मूळचा आकडेवाला, फोर्ड कंपनीत अध्यक्षपदापर्यंत पोचलेला, आणि व्हिएतनाममध्ये जिंकतोय की नाही ते मोजायला त्यांनी काय धरलं तर शत्रूची किती माणसं मारली तो आकडा. मग खालून वर आकडे फुगूनच जाणार ना, कोण कमी सांगेल? मी म्हटलं माल मोजता येतो, पेटी मोजता येते, लोकांची जिद्द कशी मोजशील. जोडीदार म्हणे तू वाकडं बोलतोस, मोजल्याशिवाय फौज चालते का, गोळी कमी पडली तर जवान मरतो, आपण रोज मोजतो म्हणून तर तिकडे विश्वासाने बंदूक चालते. त्याचं खोटं नव्हतं. आमचं बोलणं बंद नाही झालं, पण आठवडाभर डबा वेगवेगळा खाल्ला आणि ते मला फार लागलं. अजूनही मला वाटतं की मोजायचं काय ते ठरवणारा वर बसतो आणि मोजणारे आपण खाली.

शिक्षिका, धुळे

आम्ही चार मैत्रिणी रविवारी पांझरेच्या काठाने फिरायला जातो, त्यातली एक इतिहास शिकवते. तिच्या आग्रहाने पाहिली. वाद झाला तो आपल्या देशावरून. मी म्हटलं अमेरिकेचा मंत्री म्हातारपणी २० तासांवर मुलाखत देतो, आपल्याकडे १९६२ मध्ये चीनकडून झालेल्या पराभवावरचा लष्कराचा हेंडरसन ब्रूक्स अहवाल सरकारने अजूनही पूर्ण खुला केलेला नाही. तेव्हा संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना पद सोडावं लागलं, त्यांच्या जागी यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला हे आपण शाळेत अभिमानाने शिकवतो आणि मीसुद्धा शिकवते, पण हिमालयावर ती वेळ का आली ते शिकवत नाही. त्यावर एक मैत्रीण एकदम चिडली, म्हणाली असं बोललं की सैनिकांचं मनोबल जातं. अगं, कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम यांची समिती बसलीच ना, तिचा अहवाल, काही भाग वगळून का होईना, छापून लोकांसमोर आला, त्याने कुठं मनोबल गेलं? उलट गुप्तवार्ता कुठं कमी पडली ते कळलं. ती ऐकेना. तिचा भाचा लेहला आहे हे मला नंतर समजलं, आधी कळलं असतं तर मी तेच बोलले असते पण हळू बोलले असते.

नंदुरबार

आमचं भांडण डॉक्युमेंटरी न बघताच झालं. ग्रुपवर कोणीतरी दोन मिनिटांचा तुकडा टाकला, खाली लिहिलेलं एक आणि तुकड्यात भलतंच, त्यावर दोन दिवस एकमेकांना देशद्रोही आणि अंधभक्त म्हणून झालं, तीन जण ग्रुप सोडून गेले. दोघं परत आले. तिसऱ्याला मी अजून मिस करतो.

फौजीची मुलगी, चाळीसगाव तालुका

माझे वडील १९८७ मध्ये शांतीसेनेबरोबर श्रीलंकेत होते. तिथं आपले ११०० च्या वर जवान मारले गेले. वडील त्याबद्दल बोलत नाहीत, पंधरा ऑगस्टला शाळेत बोलावलं तरी ७१ चं सांगतात, ढाक्याची शरणागती, ९३ हजार कैदी, माणेकशॉ, जे त्यांनी स्वतः पाहिलेलं नाही. दिवाळीत मी मोबाईलवर ही डॉक्युमेंटरी बघत होते, ते खाटेवर शेजारी बसले, त्यांचे मित्र जिभाऊ पण होते, मी थांबवून थांबवून मराठीत सांगत होते. हॅनोईचा भाग आला. मॅकनमारा १९९५ मध्ये व्हिएतनामला जातो आणि तिथल्या जुन्या परराष्ट्रमंत्र्यांशी जेवणाच्या टेबलावर जवळजवळ हातघाईवर येतो. हा विचारतो तुमची ३४ लाख माणसं मेली, मिळवलं काय? ते म्हणतात तुम्ही इतिहासाचं पुस्तक वाचलेलं दिसत नाही, आम्ही हजार वर्षं चीनशी लढतोय, आम्ही चीनचे प्यादे कसले, आम्ही स्वातंत्र्यासाठी लढत होतो.

जिभाऊ म्हणाले सरकार सांगेल तिथं जायचं, फौजीने विचारायचं नसतं. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्याले माहीत व्हतं ना? मंग पोरेस्ले काबर धाडत ऱ्हायना?" जिभाऊंनी चहा तसाच ठेवला आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखे आले, दोघं शेतात गेले, त्या विषयावर पुन्हा बोलणं नाही. पण त्या रात्री वडिलांनी मला जाफन्याबद्दल पहिल्यांदा काही सांगितलं. ते मी इथं लिहिणार नाही.

अमळनेर

सगळेच मॅकनमाराला धोपटताय म्हणून मी दुसरी बाजू लिहितो, धागाकर्त्याच्या मित्राची. १९६२ च्या ऑक्टोबरमध्ये रशियाने क्युबात क्षेपणास्त्रं ठेवल्याचं कळल्यावर क्युबावर हल्ला करा म्हणून सेनापती मागे लागलेले असताना थांबा म्हणणाऱ्यात हा पण होता. आणि तीस वर्षांनी, १९९२ मध्ये हवानात, खुद्द क्युबाच्या कॅस्ट्रोसमोर त्याला कळतं की तेव्हा बेटावर १६२ अण्वस्त्रं आधीच पोचलेली होती. तो सांगताना दोन बोटांत चिमूटभर अंतर धरून दाखवतो, अणुयुद्ध इतकं जवळ आलं होतं. माझ्या मित्राचं म्हणणं ती नुसती ॲक्टिंग. मला नाही वाटत. शत्रूच्या जागी उभं राहून बघा हे तो सांगतो, क्युबात ते जमलं, व्हिएतनाममध्ये नाही, आणि हा फरक त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलाय. चुकलेल्या माणसाने बोलूच नये असं ठरवलं तर पुढच्याला शिकवणार कोण? मित्र अजून त्याच्या मतावर आहे, मी माझ्या.

धागाकर्ता, जळगाव

सगळ्यांचं वाचलं, चाळीसगावच्या ताईंचं तर दोनदा वाचलं. काल न कळवता रावेरला गेलो. तो बागेत होता, घडांना पिशव्या घालणं चालू होतं, मला बघून काही बोलला नाही, पाणी दिलं. मी म्हटलं मी ओरडायला नको होतं, पण माझं मत बदललेलं नाही. तो म्हणाला माहीत आहे.

मग बांधावर बसल्यावर त्याने सांगितलं. तो पूर्वी एका पतसंस्थेत संचालक होता हे मला माहीत होतं, त्याचे वडील गेल्यावर त्यांच्या जागी घेतलं होतं, तेव्हा तिशीत असेल. कर्जं कोणाला जाताहेत, तारण किती खोटं आहे हे त्याला दुसऱ्याच वर्षी दिसलं. एकदा मीटिंगमध्ये बोलला, मोठ्या माणसांनी गप्प केलं, मग त्याने तब्येतीचं कारण देऊन राजीनामा दिला आणि बाहेर कोणालाच काही सांगितलं नाही. पुढे तीन वर्षं लोक ठेवी ठेवत राहिले. संस्था बुडाली तेव्हा याचं नाव कुठंच आलं नाही.

"तू शेतात जे बोलला ना भो, ते मला बोलला," म्हणे.

माझ्या आत्याचे ७० हजार त्याच पतसंस्थेत अडकलेत. विधवा बाई, शिवणकाम करून साठवलेले, आणि तिने ते ठेवले ते याने राजीनामा दिल्यानंतरच्या वर्षी. हे त्याला माहीत नव्हतं. मी बांधावर बसून होतो आणि सांगायचं की नाही ते मला ठरवता येत नव्हतं, शेवटी सांगितलं. तो पिशव्यांचा गठ्ठा हातात धरून बसला. थोड्या वेळाने विचारलं, आत्या कुठं राहते हल्ली. मी म्हटलं भुसावळला, लेकाकडे. रविवारी दोघं जातोय.