मदत हवी आहे: वर्गात पोरं तोंडच उघडत नाहीत

मंडळी, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर फिजिक्स शिकवतो. एफवायला ५८ पोरं. हार्वर्डच्या एरिक मेझर यांची 'पीअर इन्स्ट्रक्शन' यंदा सुरू केली. संकल्पनेवर एक प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने आधी एकट्याने पर्याय निवडायचा, मग शेजाऱ्याला पटवायचं आणि पुन्हा मत द्यायचं. पहिल्या फेरीत साधारण ३० ते ७० टक्के बरोबर आले तरच चर्चेत दम असतो. त्याहून कमी आले तर आपणच पुन्हा शिकवायचं.

वाचायला झकास! पण पावसात इथे सड्यावर (कातळाच्या पठारावर) रेंज नाही, म्हणून मोबाईलवर मतदान बंद. हात वर करायला सांगितले की सगळे पहिल्या बाकाकडे बघतात. चर्चा म्हणजे गणपतीला मुंबईकर कधी येणार याची.

गेल्या आठवड्यात विचारलं, चंद्र एकच, मग भरती दिवसातून दोनदा का? बहुतेक हात 'एक चंद्राची, एक सूर्याची' यावर. मागच्या बाकावरची एक मुलगी, घरची होडी आहे, गप्प. तास संपल्यावर म्हणाली, "सर, आजोबा तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतात. चतुर्थीला तीन, दुपारी पण नि रात्री पण. दुसरी सूर्याची असती तर ती रोज त्याच वेळेला नसती का आली?"

मी थक्क. वर्गात का नाही बोललीस? "हसतात, सर."

वर तक्रार गेलीय की सर शिकवत नाहीत, आम्हालाच विचारतात. काय करू?

प्रतिसाद:
पुठ्ठ्याचे अ-ब-क-ड कापा. तीन म्हणताच सगळ्यांनी एकदम छातीशी धरायचे, शेजाऱ्याला दिसत नाही. चर्चा घरच्या बोलीत होऊ द्या, पुस्तकी भाषेच्या धाकाने निम्मे गप्प असतात. तक्रारीचं म्हणाल तर २०१९ साली हार्वर्डमध्येच दिसलं होतं: अशा तासाला पोरं जास्त शिकली, पण त्यांना वाटलं कमीच शिकलो. हे सेमिस्टरच्या सुरुवातीलाच सांगायला हवं होतं, आता उद्या सांगा. आणि त्या मुलीचा मुद्दा फळ्यावर लिहून जोड्यांना खोडायला लावा.

धागाकर्ता:
पुठ्ठे आजच कापतो. मुद्दा तिला न विचारता लिहू?

प्रतिसाद:
विचारा की. नाव नको म्हणाली तर फक्त आजोबांची चतुर्थी लिहा.