एकाच खरेदीची तीन बिलं, चालतं का?

आमच्या ग्रामपंचायतीने एलईडी दिवे घेतले. माहिती अधिकारात कागद काढले तर एकाच दुकानाची एकाच तारखेची तीन बिलं, तिन्ही टेंडरच्या मर्यादेच्या जरा खाली!! ग्रामसेवक म्हणतात टेंडर लागतच नाही. खरंय का?

> याला तुकडे पाडणं म्हणतात भाऊ. केंद्राच्या २०१७ च्या वित्तीय नियमांत १५७ वा नियम यावरच आहे, प्रक्रिया टाळायला मागणीचे तुकडे करायचे नाहीत. राज्याची खरेदी नियमपुस्तिका वेगळी, १ डिसेंबर २०१६ चा जीआर बघा. आणि नुसती बिलं काय मागता, कोटेशनं, तुलनात्मक तक्ता, मासिक सभेचा ठराव मागवा, खरी गंमत तिथेच असते.

> कायदा कायदा करतो आपण पण केंद्राचं खरेदी विधेयक २०१२ ला लोकसभेत आलं आणि २०१४ ला लोकसभेबरोबर बारगळलं. तामिळनाडूने १९९८ लाच कायदा केला, कर्नाटकने १९९९ ला, राजस्थानने २०१२ ला. आपल्याकडे जीआरवर जीआर.

> (प्रश्नकर्ता) कोटेशनं मिळाली. दुकानं तीन, अक्षर एकच, 'दीवे' पण तिन्हीकडे दीर्घ 😂 आता गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी देतोय, पोच घेऊन.