नियम कागदावर, काम शेडमध्ये: तुमचे अनुभव लिहा

कामगार सेफ्टीचे नियम पाळत नाहीत, हे सगळ्या साहेबांचं ठरलेलं वाक्य. ते पाळावेत असं तुमच्या कंपनीला खरंच वाटतं का? कशामुळे पाळले गेले, कशामुळे बुडाले, लिहा. कंपनीचं नाव नको.

प्रेसवाला, भोसरी
पॉवर प्रेसला, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशीनला, दोन्ही हातांनी बटणं दाबायची, म्हणजे हात डायमध्ये (साच्यात) राहतच नाही. आमच्याकडे एक बटण चिकटपट्टीने कायम दाबलेलं. सुपरवायझरला दिसत नव्हतं? पट्टी स्टोअरमधून तोच आणून द्यायचा! इन्सेंटिव्ह तासाच्या स्ट्रोकवर, म्हणजे मशीनच्या ठोक्यांवर, होता. नवीन प्लांट हेडने तो बंद केला आणि बटण सोडल्याशिवाय पुढचा स्ट्रोकच होणार नाही असं सर्किट बसवलं. भाषण एकही दिलं नाही.

ठेक्यावरचा
पर्मनंटला मापाचे बूट, आम्हाला उरलेले. ठेकेदार म्हणतो कंपनी देईल, कंपनी म्हणते ठेकेदाराला विचार.

माजी सेफ्टी ऑफिसर
गेटवर बोर्ड होता, 'अपघाताविना इतके दिवस'. कारखाने अधिनियमाच्या कलम ८८ प्रमाणे जखमी माणूस ४८ तास कामावर येऊ शकला नाही, तर सरकारला कळवावं लागायचं. म्हणून बोटाला टाके पडलेल्याला दुसऱ्या दिवशी गाडी पाठवून आणायचे, टाइम ऑफिसात बसवायचे. हजेरी लागली, बोर्ड शाबूत. त्यात आकडा गोल झाला की सगळ्यांना मिठाईचा बॉक्स. मग लागलंय म्हणणाऱ्याला बाजूचेच गप्प करायचे. तो बोर्ड काढा म्हणून मी लेखी दिलं, तर बोर्ड एलईडीचा झाला.

चाकणकर
सगळं कंपनीवर ढकलू नका. आमच्याकडे गॉगल मिळतात, पोरं डोक्यावर चढवून फिरतात.

ठेक्यावरचा
शेडमध्ये पंखा आहे का दादा? घामाने काच धुरकटते.

तारापूर, नाइट शिफ्ट
टँकमध्ये उतरण्याआधी परमिट लागतं, आतला ऑक्सिजन मोजावा लागतो. १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर आत जायचं नाही. एका हेल्परने मीटर चार्ज नाही म्हणून उतरायला नकार दिला. इनचार्जने बॅच थांबवली. मॅनेजरने सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या, आणि अप्रेझलला 'बॅच लेट' म्हणून इनचार्जचेच मार्क कापले. आता मीटर कपाटात असतो.
प्रेसवाले, ते सर्किट जुन्या पिन क्लचच्या प्रेसला चालेल का? भावाच्या वर्कशॉपमध्ये दोन आहेत.

प्रेसवाला, भोसरी
त्यावर भिस्त ठेवू नका. पिन क्लचचा सुटलेला स्ट्रोक मध्ये थांबत नाही. डायपुढे फिक्स गार्ड, म्हणजे हात आत जाणार नाही असा पक्का अडसर, लावून घ्या.