मदत हवी आहे: गाबाची गोळी कोल्हापुरात कुठं मिळेल?

पेठेतला_पोरगा: तातडीनं सांगा. गॅस गीझरच्या प्रकारानंतर दादाचं डोकं चालेना झालंय. नेटवर वाचलं, कार्बन मोनॉक्साइडनं मेंदूतलं गाबा बिघडतं. मेंदूला ब्रेक लावणारं रसायन तेच म्हणे. राजारामपुरीत दोन मेडिकल पालथी घातली, गोळी नाही.

मिरजकर७: कधी झालं? वय? 'चालेना' म्हणजे?

बंबवाला: गीझर काढा, तांब्याचा बंब आणा. आजोबांचा अजून चालू आहे.

दुपारपाळी: बंद न्हाणीत बंब पेटवला तरी तोच वायू.

बंबवाला: आमचा परड्यात असतोय ओ.

पेठेतला_पोरगा: बंबाचं विचारलंय का कुणी? वय 34. न्हाणीत बेशुद्ध सापडला, दवाखान्यात ऑक्सिजन लावला, दुसऱ्या दिवशी घरी.

सिलिंडर_मामा: वास आल्यावर खिडकी उघडायची की.

दुपारपाळी: मामा, वास सिलिंडरच्या गॅसला. मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट धरतो.

पेठेतला_पोरगा: पण बोटाच्या मशिनवर 98 होतं.

दुपारपाळी: त्या मशिनला दोन्हीतला फरकच कळत नाही.

उंदीरघर: नेटवरचं अगदीच खोटं नाही. हे विष मेंदूतल्या ग्लोबस पॅलिडस भागाला बऱ्याचदा गाठतं, आणि तिथल्या बहुतेक पेशी गाबाच सोडतात. पण तोंडानं घेतलेलं गाबा रक्तातून मेंदूत फारसं पोचत नाही. गोळीचा नाद सोडा. मधले दिवस बरा होता का?

जीवनसत्त्व_प्रेमी: बी-6 द्या. गाबा बनायला लागतंच.

उंदीरघर: लागतं. म्हणून मुठीनं खायचं नसतं, अतिरेकानं नसा बिघडतात.

पेठेतला_पोरगा: अठरा दिवस एकदम ओके. डेअरीवर जात होता, गाडी मारत होता. परवा मापटं हातात धरून तसाच उभा, दूध कुणाला घालायचं आठवेना. पाय घासत चालतोय.

मिरजकर७: अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं! बरं वाटून काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी हा त्रास उलटतो. आजच मेंदूच्या डॉक्टरांकडं न्या. डिस्चार्ज कार्ड घ्या, विषबाधेची तारीख सांगा. एमआरआय लागेल.

पेठेतला_पोरगा: साडेचारची वेळ मिळाली. कार्ड सापडेना, वहिनी कपाट उपसतेय.

बंबवाला: तो गीझर बंद केलाय न्हवं?

पेठेतला_पोरगा: नाही. सकाळी आईची आंघोळ त्याच्यावरच झाली. थांबा, कॉक बंद करून येतो.