परदेशातल्या वर्गासोबत व्हिडिओ कॉल केला, पण मुलं बोललीच नाहीत

सातवी_ब
नमस्कार मंडळी, मी सातवीला शिकवते. मागच्या महिन्यात आमचा परदेशातल्या एका वर्गाशी पहिला लाइव्ह कॉल झाला. ४० मिनिटं मिळाली होती, त्यातली दहा तर "आवाज येतोय का" यातच गेली, मग दोन्हीकडची स्वागतगीतं, मग आम्ही दोघी शिक्षिकाच बोलत राहिलो आणि मुलं हात हलवत बसली. एक मुलगी प्रश्न लिहिलेला कागद हातात घट्ट धरून बसली होती, तिचा नंबरच लागला नाही. कॉल संपला तेव्हा कागद घामाने मऊ पडला होता. ते काही डोळ्यांपुढून जात नाही. ग्लोबल स्किल्स म्हणतात ती अशाने खरंच येतात का? पुढचा कॉल कसा घेऊ?

खडूफळा
ताई, अख्खा वर्ग एका स्क्रीनसमोर बसवला की हेच होतं, त्यात तुमची चूक नाही. मिस्ट्री कॉल करून बघा. समोरचा वर्ग कुठला हे मुलांना सांगायचं नाही, फक्त हो किंवा नाही असं उत्तर येईल असे प्रश्न विचारून शोधायचं. पूर्वी याला मिस्ट्री स्काइप म्हणायचे, स्काइप मे २०२५ मध्ये बंद झालं पण खेळ झूम, मीट कशावरही चालतो. "तुम्ही विषुववृत्ताच्या उत्तरेला आहात का?" एवढ्या एका प्रश्नात अर्धी पृथ्वी बाद होते! कोणी नकाशावर खोडतं, कोणी उत्तरं लिहून घेतं, कोणी पुढचा प्रश्न ठरवतं, म्हणजे न बोलणाऱ्या पोरालाही काम असतं. शिक्षकांनी मात्र मागे बसायचं, तेच सगळ्यात अवघड जातं.

ओळंबा
खेळ छान आहे पण पहिल्या ओळखीपुरता, असं माझं स्पष्ट मत. पिसा या शाळकरी मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत २०१८ साली ग्लोबल कॉम्पिटन्स, म्हणजे जगाशी जुळवून घेण्याची क्षमता, घेतली तेव्हा दुसऱ्याचा दृष्टिकोन समजून घेणं आणि वेगळ्या संस्कृतीतल्या माणसाशी नीट संवाद साधणं या गोष्टी त्यात होत्या, आणि त्या अंदाज बांधून येत नाहीत, दोघांना मिळून एखादं काम करावं लागतं तेव्हा येतात. आम्ही सावलीचा प्रयोग केला. इरॅटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी पृथ्वीचा परीघ काढला तोच. दोन्ही शाळा साधारण उत्तर-दक्षिण रेषेत हव्यात, एकाच दिवशी आपापल्या माध्यान्हीला मीटरभर काठीची सावली मोजायची, त्यावरून सूर्याचा कोन, आणि दोन कोनांतला फरक नि शाळांमधलं अंतर यावरून परीघ. आमचा पहिला आकडा साफ चुकला. मग मुलंच एकमेकांना विचारायला लागली, काठी सरळ होती का, ओळंबा लावला होता का, आणि समोरचा मुलगा म्हणाला थांबा दाखवतो, आणि लॅपटॉप उचलून मैदानात घेऊन गेला. इंग्रजी दोघांचंही मोडकंच होतं पण त्या पाच मिनिटांत कोणी लाजलं नाही.

वेळापत्रक
दोन गोष्टी माझ्याकडून. युरोप-अमेरिकेतला वर्ग असेल तर मार्चमध्ये जपून, अमेरिकेत उन्हाळी वेळेसाठी घड्याळं दुसऱ्या रविवारी तासभर पुढे जातात आणि युरोपात शेवटच्या, आमचा एक कॉल यातच हुकला, मुलं तासभर आवरून बसली होती. आणि रेकॉर्डिंग करणार असाल तर दोन्हीकडच्या पालकांची परवानगी आधी घ्या.

सातवी_ब
मनापासून आभार सगळ्यांचे. सावलीचा प्रयोग करतेच, चार-चारचे गट पाडून. काल त्या मुलीला जवळ बसवून तिचा प्रश्न विचारला. कागदावर लिहिलं होतं, "शाळेत भीती वाटली तर तुम्ही कोणाला सांगता?" पुढच्या कॉलला पहिला प्रश्न तिचाच. फक्त एक सांगा, समोरच्या बाईंना तो आधी पाठवून ठेवू की तिलाच थेट विचारू दे?