लॅबमध्ये मच्छर पाळून मलेरिया कसा काय जाणार?

लालबागचा_बाळ्या:
आमच्या बिल्डिंगमध्ये या पावसात दोघांना मलेरिया झाला, म्हणून रोज तोच विषय. भाचा झूलॉजी करतोय तो म्हणतो लॅबमध्ये मच्छरांचे जीन्स बदलून परत बाहेर सोडायचे की मच्छर संपतात. म्हणजे आम्ही इथे कॉइल लावून बसायचं आणि हे लोक मच्छर पाळणार? नीट माहीत असेल त्यानेच सांगा, गुगल कर म्हणू नका.

प्यूपावाली:
एमएस्सीला इन्सेक्टरीत, म्हणजे कीटक पाळायच्या लॅबमध्ये, काम केलंय म्हणून सांगते. चावते फक्त मादी, अंड्यांसाठी तिला रक्त लागतं, नर फुलांच्या रसावर जगतो, म्हणून सोडायचे ते मुख्यतः नर. लंडनच्या इम्पीरिअल कॉलेजने २०१८ला आफ्रिकेत मलेरिया पसरवणाऱ्या ॲनाफिलिस गॅम्बिए जातीच्या मच्छरात नर-मादी घडवणारा डबलसेक्स नावाचा जीन बिघडवला. ज्या मादीला तो आई-बाप दोघांकडून आला ती चावू पण शकत नाही आणि अंडी पण घालू शकत नाही. एरवी बदल निम्म्या पिल्लांत उतरतो, हा जवळपास सगळ्यांत उतरतो, यालाच जीन ड्राइव्ह म्हणतात. ७ ते ११ पिढ्यांत वस्ती साफ, पण पिंजऱ्यातली हं.

आणि पाळणं म्हणजे गंमत वाटते का? खोली २७ डिग्रीच्या आसपास, दमट, दोन दारांची. अळ्यांना माशांचं खाणं दळून चिमूटभर टाकायचं, जरा जास्त पडलं की पाण्यावर तवंग धरतो आणि ॲनाफिलिसची अळी पाण्याला समांतर आडवी पडून वरूनच हवा घेते, त्यामुळे सकाळी अख्खा ट्रे मेलेला. एडिसची, म्हणजे डेंग्यूवाल्या मच्छराची, मादी प्यूपा (अळीनंतरचा कोष) मोठी असते म्हणून चाळून वेगळी करता येते, ॲनाफिलिसला मात्र मायक्रोस्कोपखाली एकेकाची शेपटी बघत बसा.

रिटायर्ड_काका:
हे आपल्याकडे आधी होऊन गेलंय. डब्ल्यूएचओ आणि आयसीएमआरचं दिल्लीत मच्छर नियंत्रणाचं युनिट होतं, हरियाणातल्या सोनीपतला एडिसचे नर सोडायची तयारी झालेली, पण जैविक युद्धाच्या संशयावरून वाद पेटला आणि १९७५ला गुंडाळलं. लोकांना विश्वासात घेतलं नाही की असंच होणार. २०१७ला जालन्याजवळ दावलवाडीला ऑक्सिटेक या ब्रिटिश कंपनीच्या जीन बदललेल्या एडिसच्या चाचण्या सुरू झाल्या, त्या पण जाळीच्या आत.

प्यूपावाली:
काका बरोबर. पण ते दोन्ही डेंग्यूवाले मच्छर. मुंबईत मलेरिया पसरवते ती ॲनाफिलिसचीच स्टिफेन्सी जात. तिच्यावर २०१५ला कॅलिफोर्नियात जीन ड्राइव्ह करून दाखवलं, त्यात मच्छर मारायचा नाही, त्याच्या पोटात मलेरियाचा जंतू वाढू नये असे जीन्स घातले. तेही लॅबमध्येच.

लालबागचा_बाळ्या:
मग तोपर्यंत आम्ही गटारात फवारणी करून घेऊ?

प्यूपावाली:
गटारातला तो क्युलेक्स रे, त्याने मलेरिया होत नाही. स्टिफेन्सीला स्वच्छ पाणी लागतं, १९११ला मुंबईतल्या मलेरियाची चौकशी करणाऱ्या डॉ. बेंटलीने इथल्या विहिरींवर बोट ठेवलं होतं ते यामुळेच. गच्चीवर चढ, टाकीचं झाकण घट्ट बसतंय का बघ आणि ओव्हरफ्लोच्या पाइपला काही बांधलंय का तेही.

लालबागचा_बाळ्या:
आत्ता बघून आलो, पाइप उघडाच आहे ताई. मच्छरदाणीचं कापड चालेल का?

प्यूपावाली:
पळेल. नायलॉनचं घे, दुहेरी करून क्लिपने आवळ.