मुलांच्या वॉर्डातल्या नर्सना सेल्फ-हार्मचं ट्रेनिंग: दोन तासांत काय घ्यावं?

वॉर्डसिस्टर_परळ
स्वतःला इजा करून घेतलेली १२ ते १८ वयाची मुलं आमच्याकडे दाखल होतात. सायकियाट्रीचे डॉक्टर बघून जातात, बाकी दिवसरात्र मूल नर्ससमोर असतं. ट्रेनिंगला दोन तासांचा एकच स्लॉट मिळतोय. त्यात काय घ्यावं? आणि रोल-प्लेला सगळ्या हसतात, त्याचं काय करायचं?

नर्सिंग_ट्यूटर
सिस्टर, एका स्लॉटऐवजी ४० मिनिटांची तीन सत्रं मागून घ्या, ओव्हरच्या (ड्यूटी बदलताना पेशंटची माहिती पुढच्या पाळीला देण्याच्या) वेळेला लागून. म्हणजे नाइटवाल्याही सुटणार नाहीत.

सगळ्यांसमोर उभं केलं की हसू येणारच. तिघी-तिघींचे गट करा: एक नर्स, एक मूल, एक नुसती ऐकणारी. आठ मिनिटं संवाद, मग ऐकणारीने फक्त कानावर पडलेली वाक्यं वाचून दाखवायची, शेरे नकोत. ‘मुला’च्या हातात कार्ड द्या: ‘दहावीत आहे, आई बाहेर बसलीय, बोलायचं नाही.’ स्टाफपैकी कुणाच्या घरी असं काही घडलेलं असू शकतं, म्हणून कारण न विचारता बाहेर बसायची मुभा आधीच जाहीर करा.

‘का केलंस असं?’ हा प्रश्न मुलाला जबाब घेतल्यासारखा वाटतो. ‘दुखतंय का? आधी जखम बघू या,’ इथून सुरुवात करायला लावा. मग सरळ विचारायचं: ‘मरून जावं असं मनात येतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती खरी नाही. हे वाक्य न अडखळता म्हणता येईपर्यंत घोकून घ्या, कारण ऐनवेळी जीभ इथेच अडते. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन मात्र कधीच द्यायचं नाही. लैंगिक अत्याचाराची गोष्ट निघाली तर पॉक्सोखाली (मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा) कळवणं बंधनकारक आहे.

सायक_स्टाफ
ट्यूटर मॅडमच्या मुद्द्यांना जोडून. जोखमीचे गुण मोजणारे तक्ते शिकवण्यात वेळ घालवू नका. उपचारांचे निकष ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात की पुढे काय होईल याचा अंदाज बांधायला असे तक्ते वापरू नयेत. कमी गुण दिसले की पहारा सैल होतो, तोच धोका. ओव्हरमध्ये ‘अटेन्शन सीकिंग’ हा शब्द बंद करा. त्याऐवजी मूल काय बोललं, जेवलं का, झोपलं का, कोण भेटून गेल्यावर गप्प झालं, हे लिहायचं.

टाके घालताना लोकल अ‍ॅनेस्थेशिया इतर कुठल्याही पेशंटसारखाच द्यायचा. ‘तेव्हा दुखलं नाही का?’ हे टेबलावर ऐकलेलं मूल पुढच्या वेळी जखम लपवतं. काही पोटात घेतलं असेल तर ‘आता बरा दिसतोय’ यावर विसंबू नका, लिव्हरवरचा परिणाम कधीकधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतो.

बेड नर्सिंग स्टेशनसमोर, औषधांची ट्रॉली कुलपात, बाथरूमची कडी बाहेरून उघडणारी. सामान मुलाच्या देखत, सांगून तपासा. आणि वॉर्डातल्या मावशी-मामांना (आया आणि वॉर्डबॉय) एका सत्राला बसवाच, टोमणे बहुतेक फरशी पुसताना नाहीतर ट्रॉली ढकलताना मारले जातात.

वॉर्डसिस्टर_परळ
एमएलसी (पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल केस) झाली की नातेवाईक केसला घाबरून डिस्चार्ज मागतात. काय सांगायचं?

नर्सिंग_ट्यूटर
मेंटल हेल्थकेअर अ‍ॅक्ट २०१७, कलम ११५: आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरायचं आणि उलट सिद्ध झाल्याशिवाय शिक्षा करायची नाही. एमएलसी म्हणजे नोंद, मुलावर गुन्हा नव्हे. हे दोन वाक्यांत, मराठीत आणि हिंदीत, पाठ करून घ्या.

घरी सोडताना ‘औषधं लांब ठेवा’ एवढं पुरत नाही, दहा बाय दहाच्या खोलीत लांब कुठे ठेवणार? कुलपाचा डबा, किल्ली एकाच मोठ्याच्या कमरेला, आजीच्या गोळ्या रोजच्या रोज काढून द्यायच्या, जुन्या स्ट्रिप्स टाकून द्यायच्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर डिस्चार्ज कार्डावर लिहा आणि मुलाच्या फोनमध्ये त्याच्याच हाताने सेव्ह करायला सांगा, रात्रीही लागतो.